शेलचेक दीड वर्ष वापरल्यावर: बॅशमध्ये तुलना लिहिणाऱ्या प्रत्येकाने आधी हे टाकून घ्या

आमच्या ग्रुपवर परवा परत तोच प्रश्न आला, की स्क्रिप्ट चालतेय ना व्यवस्थित, मग हे शेलचेक कशाला टाकायचं. तेव्हाच ठरवलं की आता नीट बसून लिहायचंच, कारण दीड वर्ष झालं मी हे रोज वापरतेय आणि माझं उत्तर एवढंच आहे की बॅशमधली (बॅश म्हणजे आपण दिलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम, अशा प्रोग्रॅमला शेल म्हणतात) चुकीची तुलना पण व्यवस्थित चालते, एरर देत नाही, थांबत नाही, फक्त तुम्ही विचारलेला प्रश्न सोडून दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देते. शेलचेक ते पकडतं. सगळं नाही पकडत, ते पण सांगते पुढे, पण जे पकडतं ते माणसाच्या डोळ्याला दिसत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शेलचेक म्हणजे शेल स्क्रिप्ट न चालवता नुसती वाचून त्यातल्या चुका सांगणारं टूल. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विदार होलेन नावाच्या माणसाने बनवलंय, हॅस्केल या भाषेत लिहिलेलं आहे. उबंटूवर ॲप्टने येतं, मॅकवर ब्रूने येतं, आणि काहीच टाकायचं नसेल तर त्यांच्या वेबसाईटवर कोड पेस्ट करून पण चालतं. (ऑफिसचा कोड तिकडे पेस्ट करू नका प्लीज, तो दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातो, आणि आपल्याकडे स्क्रिप्टमध्ये पासवर्ड लिहायची सवय किती जणांना आहे ते मी बघितलंय.)

अजून एक, खाली उदाहरणांत व्हेरिएबलची, म्हणजे ज्यात व्हॅल्यू ठेवतो त्याची, नावं आणि -जीटी, -ईक्यू वगैरे मी देवनागरीत लिहिलंय, वाचायला सोपं जावं म्हणून. बॅशमध्ये तसं टाईप केलंत तर चालणार नाही.

तर आता किस्सा. मी तेव्हा अंधेरीत एका कंपनीत सपोर्टला होते, नाव नको. सर्व्हरची डिस्क ९० टक्क्यांच्या वर भरली की अलर्ट यायचा, त्याची छोटीशी स्क्रिप्ट होती, दर १५ मिनिटांनी क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) चालायची. एका रात्री काहीतरी बिनसलं आणि लॉग धबाधबा लिहिले जायला लागले, २ वाजता डिस्क ८७ टक्के होती आणि सव्वादोनला फुल्ल, १०० टक्के. अलर्ट नाही. अडीचला नाही, पावणेतीनला नाही, सकाळपर्यंत दर १५ मिनिटांनी स्क्रिप्ट चालली, १०० हा आकडा तिने स्वतः बघितला, आणि प्रत्येक वेळी तिचं म्हणणं एकच, काही प्रॉब्लेम नाही. रात्रीचं सगळं प्रोसेसिंग बंद पडलं होतं.

मला पहाटे फोन आला. मुलुंडहून लोकल, घाटकोपरला उतरून मेट्रो, आणि चकाला येईपर्यंत मी फोनवर ती स्क्रिप्ट उघडून तीच एक ओळ बघत होते:

[[ $वापर > ९० ]]

तीनदा वाचली, चारदा वाचली. वापर ९० पेक्षा जास्त असेल तर. बरोबरच आहे की! पाचव्यांदा वाचली तरी बरोबरच वाटली, कारण शाळेपासून > म्हणजे मोठं हेच डोक्यात बसलंय ना.

ऑफिसला पोचले तर शेजारच्या टीममधला एक मुलगा म्हणाला, "ताई, शेलचेक मारून बघितलंस का?" मी नाव पण ऐकलं नव्हतं. त्याने त्याच्या लॅपटॉपवर चालवलं, आणि त्या ओळीच्या खाली बाण काढून लाल अक्षरात आलं, एससी २०७१, एरर, की > हे चिन्ह स्ट्रिंगच्या तुलनेसाठी आहे, त्याऐवजी -जीटी वापरा. झालं. एका ओळीत.

हे स्ट्रिंग प्रकरण ज्यांना कळत नाही त्यांनी फोनमधल्या फोल्डरमध्ये फोटो १, फोटो २ असं करत फोटो १२ पर्यंत नावं देऊन बघा, पुष्कळशा फाईल मॅनेजरमध्ये फोटो १ नंतर फोटो १०, ११, १२ येतात आणि मग फोटो २ येतो. कारण तिथे आकडा म्हणून बघत नाहीत, अक्षर म्हणून बघतात, शब्दकोशात बघतो तसं डावीकडून एकेक. दुहेरी कंसातलं > अगदी हेच करतं. ८७ आणि ९० ची तुलना केली तर ८ आणि ९ बघितलं, लहान. ९५ आणि ९०, पहिलं सारखं, मग ५ आणि ०, मोठं. बरोबर येतंय. पण १०० आणि ९०? पहिलं अक्षर १ आणि ९. संपलं तिथेच, १०० लहान. पुढची दोन शून्यं कोणी बघितलीच नाहीत.

म्हणजे ९१ ते ९९ पर्यंत ती स्क्रिप्ट एकदम चोख काम करत होती. टेस्ट पण केली होती, ९५ टाकून, अलर्ट आला होता. फक्त डिस्क पूर्ण भरली की गप्प. ज्या एका वेळेसाठी ती लिहिली होती नेमकी तीच वेळ सोडून बाकी सगळीकडे बरोबर!

मग गिटमधला (कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवतं ते) जुना इतिहास काढला तर त्यात अजून एक सापडलं आणि ते मला जास्त शिकवून गेलं. ही स्क्रिप्ट आधी सिंगल कंसात होती, [ $वापर > ९० ] अशी. आणि तेव्हा तक्रार उलटी होती, अलर्ट सारखाच येतो, डिस्क ४० टक्के असली तरी येतो. का, तर सिंगल कंस ही मुळात एक कमांड आहे, टेस्ट नावाच्या कमांडचंच दुसरं रूप, आणि कमांडच्या पुढे > आलं की शेलला त्याचा एकच अर्थ माहीत आहे, आउटपुट फाईलमध्ये टाका. म्हणजे ९० नावाच्या फाईलमध्ये. तुलना वगैरे काही झालीच नाही, कंसात उरलं फक्त ४०, आणि कंसात नुसतं काहीतरी असलं, रिकामं नसलं, की उत्तर खरं. आम्ही सर्व्हरवर जाऊन बघितलं तर होम फोल्डरमध्ये खरोखर ९० नावाची फाईल पडलेली, शून्य बाइटची. कित्येक महिने तिथेच होती. "अगं, मी ही फाईल दोनदा डिलीट केलीय, परत कुठून येते कळत नव्हतं," असं आमच्यातलीच एक जण म्हणाली.

तेव्हा कोणीतरी सिंगलचा दुहेरी कंस केला, अलर्टचा भडिमार थांबला, सगळ्यांना वाटलं सुटलं. एका चुकीवर दुसरी चूक बसली आणि ती जास्त शांत होती. हे मी कोणाला दोष द्यायला नाही सांगत, मी असते तर मी पण तेच केलं असतं. पण दोन्ही वेळेला शेलचेक एकदा चालवलं असतं तर दोन्ही वेळेला तीच २०७१ ची लाल ओळ आली असती.

आता शेलमध्ये असं उलटं का, हा प्रश्न मला तेव्हा पडला होता. < आणि > ही चिन्हं शेलमध्ये पहिल्यापासून फाईलमधून घेणं आणि फाईलमध्ये टाकणं यासाठीच अडकलेली आहेत, म्हणून आकड्यांच्या तुलनेला अक्षरं आहेत, -ईक्यू म्हणजे समान, -एनई म्हणजे समान नाही, -जीटी मोठं, -एलटी लहान, -जीई आणि -एलई म्हणजे मोठं किंवा समान, लहान किंवा समान. आणि = किंवा == हे स्ट्रिंगसाठी. पर्ल या भाषेवरून आलेल्या लोकांची तर पार वाट लागते कारण पर्लमध्ये बरोब्बर उलट आहे, तिथे ईक्यू हे स्ट्रिंगसाठी आणि == हे आकड्यांसाठी. बॅशमध्ये चिन्हांनीच आकडे तोलायचे असतील तर दुहेरी गोल कंस आहेत, (( वापर > ९० )) असं, त्यात शाळेतलं गणित चालतं, डॉलर पण लावावा लागत नाही. मी आता आकड्यांसाठी हेच वापरते, डोळ्याला जे दिसतं तेच होतं.

शेलचेकची जी गोष्ट मला सगळ्यात आवडते ती ही की ते चुकीचं आहे एवढंच सांगून थांबत नाही, प्रत्येक इशाऱ्याला नंबर आहे आणि त्या नंबरचं विकीवर स्वतंत्र पान आहे, त्यात चुकीचा कोड, बरोबर कोड आणि का, असं तिन्ही असतं. मी शेल स्क्रिप्टिंग कुठल्याही क्लासला जाऊन शिकले नाही, ही पानं वाचून शिकले, घाटकोपर ते चकाला जाता-येता. इंग्रजीत आहेत पण सोपं इंग्रजी आहे.

तुलनेच्या बाबतीत अजून काय काय पकडतं ते पटापट सांगते. [ $अ=$ब ] असं = च्या आजूबाजूला जागा न सोडता लिहिलं तर ते शेलसाठी एकच सलग शब्द होतो आणि नेहमी खरं येतं, हे २०७७. ही चूक मी इतक्यांच्या स्क्रिप्टमध्ये बघितलीय, पासवर्ड जुळतो का बघणाऱ्या स्क्रिप्टमध्ये पण. आकड्याला दशांश असेल, म्हणजे लोड ४.५ च्या वर गेलं का असं, तर बॅशला दशांश कळतच नाहीत, २०७२ येतं आणि बीसी नाहीतर ऑक (दशांश कळणाऱ्या दुसऱ्या कमांड) वापरा म्हणून सांगतं. अवतरण चिन्हं नाही लावली आणि व्हेरिएबल रिकामं निघालं तर [ $उत्तर = हो ] चं होतं [ = हो ] आणि शेल ओरडतो, त्यासाठी २०८६, हे तर तुम्हाला दिवसातून दहा वेळा दिसेल. नवीन माणूस याच २०८६ ला कंटाळून टूल बंद करतो, तसं करू नका, आठवड्याभरात हाताला अवतरण चिन्हांची सवय लागते आणि मग ते येणंच बंद होतं.

आणि २०५३, हे थोडं खोल आहे. दुहेरी चौकोनी कंसात == च्या उजवीकडे अवतरण चिन्हांशिवाय व्हेरिएबल ठेवलं तर बॅश त्याला स्ट्रिंग न समजता पॅटर्न समजतो. म्हणजे $ब मध्ये नुसता * (पॅटर्नमध्ये त्याचा अर्थ काहीही चालेल) असला तर $अ मध्ये जगातलं काहीही असो, जुळलं! कधी कधी आपल्याला तेच हवं असतं, अमुकने सुरू होणारी फाईल वगैरे, पण बहुतेक वेळा नको असतं आणि लिहिणाऱ्याला हा फरक असतो हेच माहीत नसतं.

स्क्रिप्ट कुठल्या शेलने चालवायची ते सांगणारी पहिली ओळ पण ते वाचतं, हे मला फार भारी वाटलं. वर बॅश लिहिलं असेल तर == चालू देतं, पण नुसतं एसएच लिहिलं असेल तर सांगतं की इथे == ची खात्री नाही, एकच = वापरा. उबंटूवर एसएच म्हणजे बॅश नसतो, डॅश नावाचा दुसरा छोटा शेल असतो, २००६ पासून, आणि तो सिंगल कंसातल्या == ला ओळखत नाही. लॅपटॉपवर बॅशने चालवलं, चाललं, सर्व्हरवर एसएचने चालवलं, बोंबललं, ही तक्रार ज्यांची आहे त्यांच्यासाठी एवढी एक गोष्ट पुरेशी आहे.

आता जे पकडत नाही ते. इथे मी अर्धा स्टार कापलाय, टूल वाईट आहे म्हणून नाही, पण लोक हे चालवून हिरवं दिसलं की निर्धास्त होतात म्हणून.

शेलचेक कोड वाचतं, त्यात रात्री २ वाजता काय व्हॅल्यू येणार ते त्याला दिसत नाही. डिस्कचाच वापर घ्या, डीएफ कमांड तो ९५% असा देते, पुढे टक्क्याच्या चिन्हासकट. ते काढायला विसरलात आणि [ "$वापर" -जीटी ९० ] लिहिलंत, तर कोड म्हणून ते निर्दोष आहे, शेलचेक काही बोलणार नाही. चालवल्यावर काय होतं, तर हा पूर्णांक नाही अशी एरर येते, आणि मग, इथे नीट लक्ष द्या, स्क्रिप्ट थांबत नाही. इफ ला फक्त खरं की खोटं एवढंच कळतं, एरर पण त्याच्यासाठी खोटंच, त्यामुळे सरळ एल्स मध्ये, म्हणजे 'नाहीतर' च्या भागात जातो. आणि एल्स मध्ये आपण काय लिहिलेलं असतं? सगळं ठीक आहे. ती एरर क्रॉनच्या मेलमध्ये जाऊन पडते जो कोणी उघडत नाही.

दुसरं याच्याहून छळणारं. आमच्याकडे एक स्क्रिप्ट होती जी आर्थिक वर्षाप्रमाणे फाईल फोल्डरमध्ये टाकायची, एप्रिलपासून पुढे असेल तर या वर्षीचं फोल्डर, नाहीतर मागच्या वर्षीचं. महिना डेट कमांडने काढलेला, मग (( महिना >= ४ )). एप्रिल, मे, जून, जुलै, सुरळीत. १ ऑगस्टला फाईल मागच्या वर्षीच्या फोल्डरमध्ये जायला लागल्या. लक्षात आलं तेव्हा गणपतीच्या आधीचा आठवडा, अर्धं ऑफिस गावाला जायच्या तयारीत, आणि आम्ही फाईल शोधतोय. कारण असं की डेट कमांड ऑगस्टला ०८ देते, आणि बॅशमध्ये पुढे शून्य असलेला आकडा म्हणजे अष्टमान पद्धतीतला, ज्यात ८ आणि ९ हे अंकच नसतात. ०१ ते ०७ ला काही फरक पडत नाही, तिथे दोन्ही पद्धतींत किंमत एकच. ऑक्टोबरला १० येतो, पुढे शून्य नाही, परत ठीक. म्हणजे वर्षात फक्त ऑगस्ट आणि सप्टेंबरला बिघडणारी स्क्रिप्ट, आणि एरर म्हणजे खोटं, खोटं म्हणजे एल्स, एल्स म्हणजे मागचं वर्ष. कोडमध्ये तुम्ही स्वतः ०८ लिहिलं असतं तर शेलचेकने टोकलं असतं, त्यासाठी २०८० आहे, पण इथे ते डेट कडून आलं, त्याला दिसणार कसं. उपाय सोपा आहे, (( १०#$महिना >= ४ )), म्हणजे याला दशमान धर.

तिसरं, [[ $आकडा -ईक्यू ० ]] मध्ये आकड्याच्या जागी कोणी शब्द टाकला, समजा अबक, तर बॅश अबक नावाचं व्हेरिएबल शोधतो, सापडलं नाही की शून्य धरतो, आणि शून्य बरोबर शून्य, खरं! बाहेरच्या माणसाने भरलेली व्हॅल्यू असेल तर हे नुसतं चुकीचं नाही, धोक्याचं आहे, कारण दुहेरी कंसातल्या -ईक्यू मधून नीट रचलेला मजकूर टाकून कमांड पण चालवता येते. बाहेरून आलेलं काहीही तुलनेत घालण्याआधी त्यात फक्त अंकच आहेत ना हे वेगळं तपासा. यावर शेलचेक गप्प असतं, आणि हे त्यांनी कधीतरी टाकावं असं मला मनापासून वाटतं.

तसंच > ची ती २०७१ वाली सूचना पण एका बाजूला आकडा आहे हे त्याला कळलं तरच येते. मर्यादा पण बाहेरून येत असेल, म्हणजे [[ $वापर > $१ ]] असं, तर दोन्हीकडे काय आहे ते त्याला माहीत नाही, आणि स्ट्रिंगसाठी तो कोड बरोबरच आहे, त्यामुळे काही बोलत नाही. माझ्यासारखी ओळ तुमच्याकडे या रूपात असेल तर हाताने शोधावी लागेल.

मॅकवाल्यांसाठी एक, २०१९ पासून मॅकचा डिफॉल्ट शेल झेडएसएच आहे आणि शेलचेक झेडएसएच तपासत नाही. एसएच, बॅश, डॅश, कॉर्न शेल आणि बिझीबॉक्सचा एसएच एवढंच. झेडएसएच मध्येच सगळं लिहीत असाल तर याचा उपयोग नाही.

इशारा बंद करायची सोय पण आहे, त्या ओळीच्या वर शेलचेक डिसेबल अशी कमेंट आणि नंबर लिहायचा. ही सोय गरजेची आहे, खरंच कधी कधी आपल्याला पॅटर्नच हवा असतो. पण आमच्या टीममध्ये नियम केलाय की डिसेबल लिहिलं तर शेजारी कारण पण लिहायचं, नुसता नंबर असेल तर रिव्ह्यूमध्ये परत.

घ्यायचं की नाही विचाराल तर आज, आत्ता घ्या. पाचपैकी साडेचार. एडिटरमध्ये जोडा म्हणजे टाईप करतानाच खाली रेघ येते, आणि कमिटच्या आधी, म्हणजे गिटमध्ये बदल नोंदवायच्या आधी, आपोआप चालेल असं लावा, कारण घाईत माणूस विसरतो. आणि त्याने काही म्हटलं नाही तरी तुलनेच्या प्रत्येक ओळीला टोकाच्या व्हॅल्यू देऊन बघा. ती डिस्कवाली स्क्रिप्ट आता माझ्या नवीन ऑफिसमध्ये मी परत लिहिलीय, आधी अंकच आहेत का तपासते, मग (( १०#$वापर > ९० )), आणि सर्व्हरवर चढवायच्या आधी तिला ९, ९०, ९१, १००, ०८, रिकामं आणि ९५% अशा सात गोष्टी घालून बघते, १०० सगळ्यात पहिले.